डब्यावरचे ‘अधिक’ आणि बाळाच्या वाट्याचे उणे

(गोराई येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज सकाळी बोरिवलीच्या बाजूने खाडी ओलांडून येताना बोटीत माझ्या शेजारी एक तरुण कोळीण बसली होती. मांडीवर दोन-अडीच महिन्यांचे मूल होते. त्याला लस टोचून ती परत निघाली होती. पिशवीत दूधभुकटीचा एक डबा होता. डब्यावर इंग्रजीत बरेच काही छापले होते. मी ते वाचतो आहे असे पाहून तिने विचारले, “काका, हा चांगला ना? दुकानदार म्हणाला, यात मुलाच्या डोक्यासाठी काहीतरी जास्त घातलंय.” मी विचारले, अंगावरचे दूध येत नाही का? ती म्हणाली, “येतं की. पण पुढच्या आठवड्यापासून बाजारात बसायचंय. मूल सासूजवळ राहील.”

मी जन्मभर अर्थशास्त्र शिकवले. बालरोगाचा वैद्य मी नाही. तथापि तिच्या दोन वाक्यांत अर्थशास्त्राचा एक पूर्ण धडा होता. दुकानदाराने तिला डब्यात काय अधिक आहे ते सांगितले होते. तिच्या आयुष्यात काय उणे आहे ते तिने मला सांगितले. बोट धक्क्याला लागली आणि माझे उत्तर अर्धे राहिले. ते आज आपणांसमोर पूर्ण करण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम हे ‘अधिक’ म्हणजे काय ते पाहू. गाईच्या दुधात प्रथिने शेकडा सव्वातीनच्या आसपास असतात, म्हशीच्या दुधात त्याहूनही अधिक. मानवी मातेच्या दुधात ती शेकडा एकच्या आसपास. उलट दुधातली साखर मातेच्या दुधात शेकडा सात, तर गाईच्या दुधात पाचांहूनही कमी. गाईचे दूध वासरासाठी असते आणि वासराला काही महिन्यांत मोठे जनावर व्हायचे असते. म्हणून दूधभुकटी करताना प्रथिने उतरवावी लागतात, दुग्धशर्करा वाढवावी लागते, वनस्पती तेले मिसळावी लागतात आणि लोह, आयोडीन, जस्त व जीवनसत्त्वे वरून घालावी लागतात. अशी भर घातली नाही तर केवळ या दुधावर वाढणारे मूल आजारी पडते. या अर्थाने ही भर आवश्यक आहे व तिचे प्रमाण कायद्याने ठरवलेले असणेही आवश्यक आहे. पण याला ‘अधिक’ म्हणता येत नाही. ही उणेपणाची भरपाई आहे.

या भरपाईचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. १८६० नंतरच्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी गव्हाचे पीठ, माल्ट व गाईचे दूध यांचे मिश्रण अर्भकाहार म्हणून बाजारात आणले. प्रथिने, पिष्ट, मेद आणि क्षार जुळवले की मातेचे दूध तयार झाले, अशी त्या काळच्या विज्ञानाची समजूत होती. जीवनसत्त्वे कोणालाच ठाऊक नव्हती. पुढे तयार अन्नावर वाढलेल्या सुस्थित घरांतील मुलांना स्कर्व्ही होऊ लागला. १८८३ साली लंडनच्या डॉ. बार्लो यांनी त्याचे वर्णन केले. मग विसाव्या शतकात ‘क’ व ‘ड’ जीवनसत्त्वांची भर आली. १९५९ च्या सुमारास लोह आले, १९८० नंतर टॉरिन आले, २००० नंतर डीएचए नावाचे मेदाम्ल आले आणि अलीकडच्या दहा वर्षांत मातेच्या दुधातील विशिष्ट शर्करांपैकी काही कारखान्यात बनवून घातल्या जाऊ लागल्या. अशा दीडशेहून अधिक शर्करा मातेच्या दुधात आढळतात. डब्यात त्यांपैकी एक किंवा फार तर मोजून पाचसहा असतात. प्रत्येक वेळी, ‘आता हे दूध मातेच्या दुधाजवळ पोहोचले,’ असे सांगण्यात आले. वास्तविक प्रत्येक नवी भर ही आदल्या डब्याच्या अपुरेपणाची कबुली होती. फक्त ती कबुली जाहिरात म्हणून छापली गेली.

भरपाई चुकली तर काय होते, याचीही उदाहरणे आहेत. अमेरिकेत १९७९ साली सोयाबीनपासून बनवलेल्या एका अर्भकाहारात मीठ कमी केल्याने क्लोराइड अपुरे पडले, अनेक मुले आजारी झाली आणि १९८० साली तेथे अर्भकाहाराचा स्वतंत्र कायदा करावा लागला. इस्रायलमध्ये २००३ साली अशाच एका डब्यात ‘ब१’ जीवनसत्त्व पुरेसे नव्हते. काही बालके दगावली, काही कायमची अपंग झाली. ज्या मुलाचे सारे अन्न एकाच डब्यातून येते, त्याच्या बाबतीत कारखान्यातील एक चूक ही जिवाशी गाठ असते. मोठ्यांचे तसे नसते. आपण भाकरीत चुकलेले कालवणात भरून काढतो.

आता ज्याची आज सर्वाधिक जाहिरात आहे त्या भरीकडे वळतो. हे डीएचए मातेच्या दुधात असते व मेंदूच्या घडणीत त्याला स्थान आहे, हे खरे. म्हणून ते डब्यात घातले की मूल हुशार होईल, असे अनुमान काढण्यात आले. अनुमान दिसायला सरळ आहे, पण पुराव्याला ते उतरले नाही. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या मुलांवरील अनेक प्रयोग एकत्र तपासले असता दृष्टी वा बुद्धी यांत सातत्याने दिसणारा लाभ आढळला नाही. इंग्लंडमध्ये १९९० नंतर वेगवेगळ्या सुधारित दूधभुकट्यांच्या चाचण्या झाल्या होत्या. त्यांतील सतराशेहून अधिक मुलांचे शालेय परीक्षांतील गुण पुढे तपासण्यात आले आणि तो अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. सुधारित दूध प्यालेली मुले पुढे गेल्याचे दिसले नाही. ज्यांना ही मेदाम्ले घातलेले दूध मिळाले होते, त्यांचे अकराव्या वर्षीचे इंग्रजी व गणिताचे गुण उलट किंचित कमी भरले. युरोपात २०२० पासून अर्भकांच्या प्रत्येक डब्यात डीएचए बंधनकारक आहे, हेही मी सांगतो, कारण शास्त्रज्ञांत मतभेद आहेत आणि ते लपवणे योग्य नाही. परंतु बंधनकारक झाल्यामुळे तेथे कोणा एका डब्याला ते विशेष म्हणून मिरवता येत नाही, एवढे ध्यानात ठेवा. त्या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

लोहाचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. लोहयुक्त दुधाने रक्तक्षय कमी होतो हे निर्विवाद आहे आणि आपल्याकडे रक्तक्षय घरोघर आहे. तरीही चिलीमध्ये सहा महिने ते एक वर्ष वयाच्या मुलांवर जो प्रयोग झाला, त्याचा दहा वर्षांनंतरचा वृत्तांत २०१२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तात मुळातच हिमोग्लोबिन चांगले होते, ती भरपूर लोहाच्या दुधावर वाढलेली मुले दहाव्या वर्षी बौद्धिक चाचण्यांत मागे पडली. ज्यांच्यात ते कमी होते त्यांना मात्र फायदा झालेला दिसला. प्रथिनांचीही तीच गोष्ट. युरोपातील पाच देशांत मिळून झालेल्या चाचणीत जास्त प्रथिनांच्या दुधावरील मुले पहिल्या दोन वर्षांत वजनाने पुढे गेली आणि शाळेच्या वयात त्यांच्यात लठ्ठपणाचे प्रमाण अधिक निघाले. आपल्याकडे गुटगुटीत म्हणजे सुदृढ असे समीकरण आहे. तराजूवर मूल लवकर जड होणे आणि मूल निरोगी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. मातेच्या दुधात ‘ड’ जीवनसत्त्व कमी असते. म्हणून अंगावर पिणाऱ्या मुलालाही पहिले वर्षभर त्याचे थेंब द्यावेत, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. सहा महिन्यांनंतर केवळ दुधातून लोह पुरत नाही. मऊ भात, वरण, नाचणी, अंडे, मासळी यांची जोड द्यावीच लागते. आणि काही मुलांना डब्याचे दूध खरोखर लागते. आई दगावलेली असते, गंभीर आजारी असते किंवा दूध येतच नाही. अशा मुलासाठी हा डबा म्हणजे औषध आहे. औषधाबद्दल आपण दोनच गोष्टी मागतो: ते शुद्ध असावे आणि परवडावे. त्यावर मोहक अक्षरे असावीत अशी मागणी कोणी करीत नाही.

ही मोहक अक्षरे येतात कुठून? अर्थशास्त्रात याला उत्पादन-भेद म्हणतात. दोन डब्यांतील माल कायद्याच्या प्रमाणांमुळे जवळजवळ सारखा असतो. सारखा माल विकणाऱ्यांत किमतीची स्पर्धा होते आणि नफा घटतो. ती टाळण्यासाठी माल वेगळा भासवावा लागतो. बाळाच्या बुद्धीची आशा हे त्याचे सर्वांत स्वस्त साधन. औषधाच्या दुकानात चौकशी करा. साध्या आणि ‘विशेष’ डब्यांच्या किमतींत जवळजवळ दुपटीचा फरक आढळेल. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत भारतासह पंधरा देशांतील दूधभुकट्यांवरील दावे तपासण्यात आले. सर्वाधिक आढळलेला दावा मेंदू, डोळे व मज्जासंस्था यांच्या वाढीचा होता. आणि दावे करणाऱ्या सुमारे तीन-चतुर्थांश उत्पादनांनी त्यासाठी शास्त्रीय आधार दिलेलाच नव्हता. जगभर या दुधाची विक्री वर्षाला सुमारे ५,५०० कोटी डॉलरची आहे.

आता त्या भगिनीच्या घरचा हिशेब करू. पाच किलो वजनाच्या मुलाला दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध लागते. त्यासाठी भुकटी लागते सुमारे १०० ग्रॅम. म्हणजे ४०० ग्रॅमचा डबा चार दिवस पुरतो. सहा महिन्यांत जवळपास वीस किलो भुकटी, म्हणजे पन्नास डबे. साधा डबा ४५० रुपयांचा धरला तरी हे २२,५०० रुपये झाले. मासळी विकणाऱ्या बाईला हे झेपत नाही. मग काय होते? चार दिवसांचा डबा आठ दिवस पुरवला जातो. तीन चमच्यांऐवजी दीड चमचा. मूल रडते, त्याला पुन्हा पांढरे पाणी दिले जाते. त्या पाण्यात ते मेंदूचे मेदाम्ल निम्मे, लोह निम्मे, प्रथिने निम्मी आणि पोट भरण्याचे बळही निम्मे. शिवाय भुकटी पूर्ण निर्जंतुक नसते. ती कडकडीत उकळून थोड्याच वेळापूर्वी उतरवलेल्या पाण्यात कालवावी लागते आणि भांडे दर वेळी उकळावे लागते. गोराईसारख्या गावांनी पाण्याची टंचाई वर्षानुवर्षे सोसली आहे, हे मी आपणांस सांगायला नको. पलीकडे गोरेगावात मृणालताई गोरे पाण्यासाठी लढल्या तेव्हा त्या तान्ह्या मुलांच्या जिवासाठीही लढत होत्या.

हे मी कल्पनेने सांगत नाही. १९३९ साली सिंगापूरमध्ये डॉ. सिसिली विल्यम्स यांनी डब्याच्या दुधाच्या खोट्या प्रचाराने होणाऱ्या बालमृत्यूंना खून म्हटले. १९७४ साली इंग्लंडमधील ‘वॉर ऑन वाँट’ने या व्यापारावर पुस्तिका काढली, १९७७ साली अमेरिकेतून नेस्ले कंपनीवर बहिष्कार सुरू झाला. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने मातेच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीसाठी आचारसंहिता संमत केली. ११८ मते बाजूने पडली. विरोधात एकच, अमेरिकेचे. भारताने १९८३ साली स्वतःची संहिता आणि १९९२ साली कायदा केला.

१९८८ साली माझ्या थोरल्या मुलीचा जन्म झाला, तेव्हा हा कायदा नव्हता. ज्या प्रसूतिगृहात आम्ही होतो तेथून निघताना परिचारिकेने आमच्या हातात दूधभुकटीचा एक डबा भेट म्हणून ठेवला. त्यावर गोंडस बाळाचे चित्र होते. माझी आई म्हणाली, “पान्हा फुटायला दोन दिवस लागतात, घाई कशाला?” मी शिकलेला, मी आईचे ऐकले नाही. मुलीला बाटलीची सवय लागली, अंगावरचे दूध आटत गेले आणि फुकटच्या डब्यानंतरचे सारे डबे मी विकत घेतले. बाजारपेठ कशी निर्माण करतात हे मी वर्गात शिकवत होतो आणि घरी तिचे उदाहरण झालो होतो.

१९९२ च्या कायद्याने अशी भेट, फुकट नमुना, जाहिरात, डब्यावरचे बाळाचे चित्र, डॉक्टर वा परिचारिकेला दिलेले प्रलोभन, हे सारे गुन्हा ठरवले. २००३ च्या दुरुस्तीने तो दोन वर्षांपर्यंतच्या बालान्नाला लागू झाला. या कायद्यामागे मुंबईतील ‘अकॅश’ ही ग्राहक संस्था व डॉ. आर. के. आनंद यांच्यासारखे बालरोगतज्ज्ञ होते. स्तनपानासाठी काम करणारे देशव्यापी जाळेही १९९१ साली आपल्या वर्ध्यालाच स्थापन झाले. जगातील कडक कायद्यांत याची गणना होते. पण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे आणि पाच हजार ही रक्कम बड्या कंपनीला दहाबारा डब्यांची आहे. दोन वर्षांवरच्या मुलांसाठी ‘वाढीचे दूध’ काढून त्याची उघड जाहिरात करता येते. नाव व रंग तेच असले की धाकट्या डब्याचीही जाहिरात होऊन जाते. २०२४ साली एका स्विस संस्थेने दाखवून दिले की, नेस्लेच्या भारतातील बालान्नात एका वेळच्या खाण्यात सरासरी तीन ग्रॅमच्या जवळपास साखर घातलेली होती, तर स्वित्झर्लंडमधील तशाच मालात ती नव्हती. हीही एक ‘भर’च, फक्त तिची जाहिरात कोणी करीत नव्हते. बोभाटा झाल्यावर कंपनीने साखरविरहित प्रकार बाजारात आणले.

येथे एक प्रश्न येईल: परदेशी कंपनीऐवजी आपल्या सहकारी दुग्धसंस्थेने डबा काढला तर? ते झालेले आहे. साठच्या दशकाच्या आरंभी म्हैसूरच्या अन्नसंशोधन संस्थेच्या साहाय्याने अमूलने म्हशीच्या दुधापासून बालान्न बनवले. परकीय चलन वाचले आणि शेतकऱ्याच्या दुधाला भाव मिळाला. त्याचे मोल मी कमी करीत नाही. पण डब्याचा मालक बदलला म्हणून बाळंतिणीला सुटी मिळाली नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात डबा विकला की भर पडते, आईने अंगावर पाजले तर शून्य. जे मोजले जात नाही त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही.

याच मुंबईत दुसरा मार्गही दिसला आहे. शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी २७ नोव्हेंबर १९८९ रोजी मानवी दुधाची पेढी सुरू केली. आशियातील ती पहिली. ज्या बाळंतिणींना दूध जास्त येते त्या ते देतात. ते निर्जंतुक करून अपुऱ्या दिवसांच्या बालकांना पाजले जाते. अशा बालकांना डब्याच्या दुधाने आतड्याचा जो घातक विकार होण्याचा धोका वाढतो, तो मातेच्या दुधाने कमी होतो. हे दूध देणाऱ्या बायका धारावी-शीवच्या वस्त्यांतल्या. त्यांच्या दुधावर कोणाचे पेटंट नाही.

मग आपली मागणी काय असावी? मला तीन गोष्टी सुचतात.

पहिली, डब्याविषयी. जे पोषकद्रव्य अर्भकाला हितकर असल्याचे सिद्ध झाले आहे, ते प्रत्येक डब्यात सक्तीने असले पाहिजे. गरिबाच्या मुलाला कमी मेंदू आणि श्रीमंताच्या मुलाला जास्त, अशी प्रतवारी चालणार नाही. आणि जे सिद्ध झालेले नाही ते डब्यावर छापता येऊ नये. एवढा एक नियम पाळला तर ‘विशेष’ डबा उरतच नाही. मग डब्याची किंमत औषधाप्रमाणे नियंत्रित करणे सोपे होईल आणि सरकारी रुग्णालयात गरजू बालकाला तो डॉक्टरच्या चिठ्ठीवर मोफत देता येईल.

दुसरी, कायद्याविषयी. तो आहे; राबवणारे हात नाहीत. दुकानातील फलक, मोबाइलवरील जाहिरात, रुग्णालयातून निघताना हाती पडलेली चिठ्ठी यांची नोंद ठेवून तक्रार करणे हे शाखेचे काम होऊ शकते.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची, आईच्या वेळेविषयी. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना बाळंतिणीची विश्रांती ही राष्ट्रहिताची बाब आहे, अशी भूमिका घेतली. १९२९ च्या त्या कायद्याने गिरणीतील बाईला हक्क दिला. पुढे २०१७ साली संघटित क्षेत्रातील रजा २६ आठवडे झाली. पण मासळी विकणारी, धुणीभांडी करणारी, नाक्यावर उभी राहणारी बाई या कक्षेबाहेरच राहिली. तिला पहिल्या अपत्यासाठी सरकार ५,००० रुपये देते. सहा महिन्यांवर वाटले तर दिवसाला अठ्ठावीस रुपयेही पडत नाहीत. त्यात अकरा डबे येतात, आणि ते दीड महिन्यात संपतात. किमान वेतनाच्या दराने सहा महिन्यांचा प्रसूतिभत्ता आणि प्रत्येक मंडईत पाळणाघर, यासाठी लढणे हाच खरा बालपोषणाचा कार्यक्रम आहे.

शेवटी एक विनंती. डबा घेणाऱ्या आईला दोष देऊ नका. उपदेश करणाऱ्याच्या घरी बहुधा पगारी रजा असते. डबा लागतच असेल तर मोजमाप पूर्ण ठेव, पाणी उकळ, बाटलीऐवजी वाटी-चमचा वापर, एवढे तिला सांगा. आणि बाजाराला जाण्यापूर्वी दूध काढून झाकून ठेवले तर ते काही तास टिकते व सासूला वाटीने पाजता येते, हेही सांगा. बोटीत मला ते सुचले नाही.

तिला द्यायचे उत्तर मी आता असे देईन: पोरी, डब्यात जे जास्त आहे म्हणतात, ते तुझ्या दुधात आधीच आहे. तू बाजारात विकतेस त्या तारली-बांगड्यातही तेच मेद असते. विकताना त्यातले थोडे स्वतःच्या ताटातही ठेव. तुझ्या बाळाला कमी पडते आहे ते तुझे सहा महिने. ते दुकानात मिळत नाहीत. ते आपण सर्वांनी मिळून मिळवायचे आहेत.